मेणातली सहल

कवळीवाल्यांचा एक नियम होता. मेणात बसल्याशिवाय काही पक्कं करायचं नाही. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचं माप यायचं. ते त्यात प्लॅस्टर ओतून जबडा उभा करायचे, त्यावर गुलाबी मेणाची हिरडी चढवायचे आणि त्या मेणात एकेक दात रोवायचे. मग ती मेणाची कवळी ट्रायलला परत जायची. माणूस आरशासमोर बसून ती लावायचा, चार शब्द बोलायचा, जरा हसून बघायचा. ओठ नीट मिटले, बोलताना शिट्टी वाजली नाही, की मगच मेण वितळवून तिथे कायमची कवळी ओतली जायची. "मेणात चूक झाली तर बोटाने सरकवता येते," ते म्हणत, "पक्क्यात झाली की कानस आली."

खऱ्या नावाने त्यांना फक्त वीजबिलावर ओळखत. बाकी सगळ्यांचे ते कवळीवाले. खाली रस्त्याला लागून त्यांचा अरुंद गाळा, वर दोन खोल्यांचं घर. गाळ्यात प्लॅस्टरची पांढरी धूळ इतकी, की ते संध्याकाळी वर जाताना पायऱ्यांवर पावलं उमटत. अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं आणि बिल दाखवलं की त्याच दातांनी ओठ चावतं, हा त्यांचा ठरलेला विनोद. स्वतः मात्र ते हसत ते मिटल्या ओठांनी.

त्यांच्या ट्रायलच्या किश्श्यांत एका वकिलाचा किस्सा पहिल्या नंबरचा होता. डॉक्टर फोन घ्यायला आत गेले तेवढ्यात वकीलसाहेब मेणाची कवळी लावून तसेच घरी निघून गेले. दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी गरम चहाचा घोट घेतला आणि दात सगळे एका बाजूला झुकले. दुसऱ्या दिवशी पक्की कवळी हातात दिली तर म्हणाले, "कालचीच द्या हो, तिच्यात मी सुखी होतो."

हा किस्सा सगळ्यात जास्त हसून ऐकायची ती त्यांची बायको. तिने तो कितीदा ऐकला असेल कोण जाणे, पण चहाच्या घोटाशी येईपर्यंत ती तोंडावर पदर धरून तयार असायची.

ती शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. नोकरीची सगळी वर्षं तिने एका छोट्या खोलीत, कानाला यंत्र लावून काढली. कुणाचा बाप अत्यवस्थ, कुणाला मुलगी झालेली, कुणाला नुसतं भेटीची वेळ विचारायची असायची. सगळ्यांना ती एकाच सुरात सांगायची, "जरा थांबा, जोडते." त्या आवाजाला घाई नव्हती. समोरचा कितीही घाबरलेला असो, त्या तीन शब्दांनी त्याचा श्वास खाली बसायचा. कवळीवाल्यांनी तरुणपणी दातांच्या विभागासाठी तिथे फोन केला, आणि मग काम नसतानाही करू लागले. "ह्यांनी आवाजाशी लग्न केलं," ती सांगायची, "माणूस पदरात पडलं ते नंतर." मूलबाळ झालं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती गाळ्यातल्या फोनवर फोन करायची, डबा खाल्लात का विचारायची, आणि ते खाल्ला नसला तरी खाल्ला म्हणायचे. इतकी वर्षं असा संसार झाला.

वरच्या घरात, स्वयंपाकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक चित्राचं पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं. कुणा गिऱ्हाइकाने परदेशातून पाठवलेलं. जुन्या मनोऱ्यावरचं भलंमोठं घड्याळ, आणि ठोके पडले की त्याच्या झरोक्यातून बाहेर येणाऱ्या लाकडी बाहुल्या: एक राजा, एक ढोलवाला, एक काठी टेकणारी म्हातारी. डाळीचा डबा काढायला दार उघडलं की ती त्या बाहुल्यांकडे बघे. "एकदा बघू या हो," म्हणे. ते म्हणत, पुढच्या वर्षी. दोघांनाही त्यात खोटं बोलल्यासारखं वाटत नसे.

निवृत्तीनंतर तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, दूध. ह्यावर ते हसायचे. मग एकदा ती भाजी आणायला गेली आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. घर कुठलं, हे तिला सांगता येईना. मग हसणं थांबलं. डॉक्टरांनी कवळीवाल्यांना बाजूला घेऊन समजावलं, की हे आता पुढेच जाणार, मागे येणार नाही. जे काही दाखवायचं, सांगायचं असेल ते लवकर करा. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि डबा न काढताच त्या बाहुल्या बघत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी ते सहलीच्या ऑफिसात गेले. गाइडसोबतची सहल, सगळं त्यांच्याकडे, आपण फक्त बसमध्ये बसायचं आणि उतरायचं. घड्याळाचा मनोरा त्यात होताच. तिथल्या मुलीने त्यांना रंगीत माहितीपत्रक दिलं आणि आकडा सांगितला. आकडा मोठा होता, पण आवाक्याबाहेरचा नव्हता. वर्षानुवर्षं 'पुढच्या वर्षी' म्हणत त्यांनी काही बाजूला टाकलंच होतं. पण कवळीवाले बारकाईचे. त्यांनी विचारलं, ह्यात काय नाही ते आधी सांगा. मुलगी जरा चपापली आणि सांगू लागली. दुपारची जेवणं नाहीत. गाइड आणि ड्रायव्हरची बक्षिसी नाही. विमा वेगळा. काही ठिकाणं ऐच्छिक, म्हणजे बघायची तर जादा, नाहीतर बसमध्ये थांबायचं. आणि हो काका, तिकडे बाथरूमलाही पैसे पडतात, सुटे जवळ ठेवा.

माहितीपत्रकाच्या कडेला पेन्सिलने हे सगळं लिहून ते घरी आले. मग सुरू झाली काटछाट. मेणावरचा फाजील भाग चाकूने तासावा तशी ते एकेक रक्कम तासत. आपला कोट जुनाच चालेल, हिला एक गरम शाल घेऊ. दुपारी कोरडं खाणं बांधून नेऊ. ऐच्छिक ठिकाणी तिने जावं, आपण बसमध्ये बसू. मग लक्षात आलं की तिला एकटीला कसं पाठवणार, आणि ती ओळ त्यांनी पुन्हा दोघांची केली.

बायकोची धाकटी बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवरा गेलेला, जीभ शाबूत. ती रोज दुपारी बहिणीजवळ बसायला येई, म्हणजे कवळीवाल्यांना खाली काम करता येई. तिने तो कागद उचलून वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून हसायला लागली.

"बाथरूम, सुटे पैसे. वा भावजी, हे बरं आठवणीने लिहिलंत." मग तिचं हसणं ओसरलं. "पण ताईला आत नेणार कोण?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बायकांच्या बाथरूममध्ये तुम्ही शिरलात तर पुढची सहल पोलिसांच्या गाडीतून होईल. आणि ती एकटी आत गेली तर दुसऱ्या दाराने बाहेर पडेल. मग शोधत बसा परक्या मुलखात."

एवढ्या साध्या गोष्टीचा त्यांनी विचारच केला नव्हता. त्या एका ओळीने सगळा हिशोब मोडला. सोबत बाई हवी. म्हणजे मेहुणी हवी. म्हणजे तिसरं तिकीट, तिसऱ्याचा विमा, तिघांची खोली. मेहुणी म्हणाली, माझ्याकडे फार तर शालीपुरते पैसे निघतील. पण शेजारचा औषधवाला कितीतरी दिवस त्यांच्या गाळ्यावर डोळा ठेवून होता. भिंत पाडली की त्याचं दुकान मोठं होणार होतं. कवळीवाल्यांनी त्याला विचारलं, आणि तो जणू पैसे खिशात घेऊनच उभा होता. गाळा गेला की धंदा गेला, हे उघड होतं. ह्या वयात दुसरीकडे कुठे मांडणार? पण तिला घड्याळ दाखवायचं होतं, आणि तिच्या डोक्यातल्या खोल्यांमधले दिवे एकेक करून विझत चालले होते. महिनाअखेर सहलीचे पैसे भरायचे होते. त्याआधी गाळ्याचं पक्कं करायचं होतं.

'पक्कं' हा शब्द मनात आला आणि त्यांचा हात नेहमीसारखा अडला. आधी ट्रायल.

त्यांच्या शहरात बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी शहरदर्शनाची एक बस होती. वरून उघडी, निळ्या रंगाची. शहरातलं कुणी त्या बसमध्ये कधी चढत नसे. स्वतःचं शहर कोण पैसे देऊन बघतो? पण तिच्यात सगळं होतं. गाइड होती, ठरल्या वेळी उतरणं-चढणं होतं, घोळक्यामागे चालणं होतं, अनोळखी ठिकाणची बाथरूम होती. त्यांनी मेहुणीला बेत सांगितला. हिचे पाय चालतात का, ती गर्दीत बावरते का, वेळेवर बसमध्ये परतते का, एवढं कळलं की झालं. मेहुणी म्हणाली, "भावजी, तुम्ही माणसालासुद्धा मेणात बसवून बघणार." पण सकाळी ती वेळेआधी हजर होती, आणि नवी शाल तिनेच आणली होती.

ट्रायल उत्तम झाली. गाइड एक उमदी बाई होती; हातातली पिवळी छत्री उंच धरून ती पुढे चाले आणि कवळीवाल्यांची बायको त्या छत्रीवरची नजर ढळू न देता मागोमाग चाले. जुना पूल बघितला, मंडई बघितली, वस्तुसंग्रहालयात फुटक्या भांड्यांपुढे ती कौतुकाने थांबली. बाथरूमचं मेहुणीने निभावलं. बस सुटायच्या आधी तिघं जागेवर. नगरपालिकेच्या इमारतीपाशी सगळे उतरले तेव्हा घड्याळात बाराचे ठोके पडत होते. पहिल्या ठोक्याला घड्याळामागच्या कपारीत बसलेली कबुतरं फडफडत बाहेर आली, मनोऱ्याभोवती फिरली आणि परत आत गेली. बायको मान वर करून, तोंड उघडं टाकून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद कवळीवाल्यांनी फार दिवसांत बघितला नव्हता. त्यांनी मनातल्या मनात गाळ्याच्या कागदावर सही केली.

परतीच्या वाटेवर बस मोठ्या हॉस्पिटलवरून गेली. छत्रीवालीने त्याच्या बांधकामाबद्दल दोन वाक्यं सांगितली. जिथे आयुष्य काढलं त्या इमारतीकडे बायको पाहुण्यासारखी बघत होती. "केवढं मोठं आहे," ती म्हणाली. "आत किती फोन असतील."

कवळीवाले तिच्या शेजारी बसले होते, मेहुणी मागच्या बाकावर. थोड्या वेळाने ती त्यांच्याकडे वळली.

"तुम्ही एकटेच आलात?"

त्यांना आधी वाटलं ती थट्टा करतेय. पण तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. घरात बोलायचा नव्हे. तो तिचा फोनवरचा आवाज होता, परक्या माणसांसाठी राखून ठेवलेला.

"हो," ते म्हणाले. "एकटाच."

"माझे मिस्टरही नाही आले. सगळे पैसे त्यांनीच जमवले, आणि मला एकटीला पाठवून दिलं."

"काय करतात ते?"

"दात बनवतात. फार सुरेख बनवतात." ती जरा थांबली. "स्वतः मात्र तोंड मिटून हसतात. त्यांना म्हटलं तुम्हीही चला, पण दुकान सोडवत नाही. आज त्यांनी हे सगळं बघायला हवं होतं."

बस त्यांच्याच गल्लीच्या तोंडावरून वळली. ती खाली वाकून दुकानांच्या पाट्या वाचत होती. "इथली माणसं आपल्यासारखीच दिसतात, नाही?" ती म्हणाली. ते हो म्हणाले. पाय चालतात, गर्दीत बावरत नाही, वेळेवर परतते. त्यांनी जे जे बघायचं ठरवलं होतं ते सगळं बरोबर बसलं होतं. शेजारच्या जागेवर कोण बसलंय हे तिला कळतं का, हे त्यांच्या यादीत नव्हतं.

घरी मेहुणीने तिला वर नेलं. ते गाळ्यातच थांबले. काम नव्हतं, तरी दिवा लावून बसले आणि एक अर्धवट कवळी हातात घेतली. अंधार पडू लागला होता. अशात गाळ्यातला फोन वाजला.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "पोचले हं."

त्यांनी वर छताकडे बघितलं. नंतर मेहुणीने सांगितलं, की ती खोलीभर हिंडली, चादर तपासली, हॉटेल स्वच्छ आहे म्हणाली आणि मग घरातल्या फोनपाशी बसून, कुणालाही न विचारता, गाळ्याचा नंबर फिरवला. शिंप्याच्या दुकानातून घर सांगता न येणाऱ्या बाईच्या बोटांना तो नंबर पाठ होता.

"जेवलात का?" तिने विचारलं. हा आवाज घरचा होता.

"जेवलो," ते म्हणाले. जेवले नव्हते.

"अहो, घड्याळ बघितलं. ठोके पडले तशा सगळ्या बाहेर आल्या. राजा, ढोलवाला, ती म्हातारी. सगळ्या उडत होत्या."

"उडत होत्या?"

"मग सांगते काय. पोस्टकार्डात ते कळत नाही." मग आवाज जरा उतरला. "खर्च फार झाला का हो?"

हातातल्या मेणात कवळीवाल्यांचा अंगठा रुतला होता.

"नाही गं," ते म्हणाले. "बसला सगळा हिशोबात."

"पुढच्या वेळी तुम्ही पण या. बसमध्ये एक गृहस्थ होते शेजारी, बिचारे एकटेच आले होते. मला वाईट वाटलं त्यांचं."

सकाळी ते औषधवाल्याकडे गेले आणि गाळा देणार नाही म्हणाले. त्याला वाटलं भाव वाढवून हवाय. त्याने जरा वाढवूनही दिला. ते मान हलवत राहिले. मेहुणीने विचारलं, तेव्हा तिला मात्र त्यांनी खरं सांगितलं. गाळा गेला तर तो नंबर जाईल, आणि मग तिने परदेशातून फोन केला तर उचलायचा कुणी? मेहुणीने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "त्या मनोऱ्यापेक्षा हेच महाग पडेल तुम्हाला, भावजी." सहलीच्या ऑफिसातल्या मुलीला त्यांनी पत्रक परत नेऊन दिलं, कडेचं पेन्सिलीचं लिखाण आधी खोडून.

त्यानंतर ती तिघं महिन्यातून एखाद्या वेळी निळ्या बसमध्ये बसत. छत्रीवाली त्यांना ओळखू लागली, पण ओळख दाखवत नसे. बायकोला प्रत्येक वेळी नवीन पाहुणीसारखं सगळं सांगे. कवळीवाले कधी शेजारचे गृहस्थ असत, तर कधी गाइडचे मदतनीस. एकदा नुसतंच, "अहो, ऊन लागतंय, इकडे सरका," असं झालं, आणि ते सरकून बसले ते बस थांबेपर्यंत हलले नाहीत. संध्याकाळी ते गाळ्यात जाऊन दिवा लावत आणि फोन वाजायची वाट बघत. ती सांगे, ते ऐकत. खर्चाचं ती दर वेळी विचारे.

पुढे फोन तुटक येऊ लागले. घड्याळ राहिलं, राजा गेला. मग घड्याळही गेलं. नुसतं "जेवलात का" उरलं. बस बंद झाली, कारण ती पायऱ्या उतरेना. तरी मेहुणी तिला संध्याकाळी फोनपाशी बसवी, आणि कधी कधी तिची बोटं आपण होऊन फिरत.

एके संध्याकाळी फोन वाजला आणि त्यांनी उचलला. पलीकडून काही आलं नाही. ती श्वास घेत होती, एवढंच ऐकू येत होतं. त्यांनी हाक मारली. जेवलो, असं न विचारता सांगितलं. घड्याळाचं विचारलं. काहीच नाही. शब्द शोधताना माणूस घाबरतो तसा तिचा श्वास वर-खाली होऊ लागला. हॉस्पिटलात असे फोन तिने कितीतरी घेतले असतील.

"जरा थांबा," कवळीवाले हळूच म्हणाले, "जोडतो."

पलीकडचा श्वास खाली बसला. त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला नाही. टेबलावर, मेणाशेजारी आडवा ठेवला. हात धुतले, एप्रन खुंटीला अडकवला. मग अंधारात एकेक पायरी चढत ते वर गेले, तिच्या हातातला फोन काढून न घेता तिच्याजवळ बसले, आणि तिने त्यांच्याकडे बघण्याची वाट बघू लागले.